देणे आणि दान

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी याव्यात, असा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. वसतिगृहातील पत्र्याच्या पेट्या, पहाटेची घंटा, परीक्षेच्या दिवसांतील कंदील यांविषयी माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी या अंकात आहेत. मी मात्र एका रुक्ष वाटणाऱ्या विषयावर लिहिणार आहे. तो विषय म्हणजे प्राप्तिकराचे विवरणपत्र. दर वर्षी जुलै महिन्यात माझ्या दूरध्वनीवर जुन्या विद्यार्थ्यांची गर्दी होते. कुणी तलाठी आहे, कुणी परिचारिका, कुणी पुण्याच्या संगणक कंपनीत, कुणी एसटीत वाहक. "सर, फॉर्म १६ आला आहे, पुढे काय करू?" हा त्यांचा प्रश्न. त्यांतील बहुतेकांच्या घरात प्राप्तिकर भरणारे ते पहिलेच. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, तर त्यांच्या आयुष्यात असा कागद कधी आलाच नाही. म्हणून ते शिक्षकाला विचारतात.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि शिक्षक. करसल्लागार नव्हे. तरीही २०२३ च्या अखेरीस एका प्रश्नाने मला दोन महिने अस्वस्थ केले. त्याचे उत्तर शोधताना कायद्याइतकाच इतिहास मला उपयोगी पडला. ते सारे येथे नोंदवून ठेवतो.

प्रश्न माझ्या आईच्या मुदत ठेवीचा होता. आई बीड जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात कक्षसेविका होती. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून तिने काही घरासाठी खर्च केले, काही माझ्या मुलीच्या शिक्षणासाठी दिले आणि उरलेले साडेतीन लाख रुपये ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच वर्षांच्या पुनर्गुंतवणूक ठेवीत ठेवले. ठेवीवर तिचे नाव पहिले, माझे दुसरे. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली. मी तिचा एकुलता एक मुलगा. त्या वेळी बँकेत मृत्यूचा दाखला, माझे पॅन आणि लेखी अर्ज दिला. ठेव मुदत संपेपर्यंत माझ्या नावे चालू राहील, असे सांगण्यात आले आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला. नंतर दर वर्षी त्याच बँकेकडून मी व्याजाचे प्रमाणपत्र घेत असे, त्यातील एकूण आकडा विवरणपत्रात जात असे आणि त्यावर कर भरला जात असे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आईच्या ठेवीची मुदत संपली, तेव्हा उलगडा झाला. शाखेने माझा अर्ज घेतला होता, परंतु ठेव आईच्याच ग्राहक क्रमांकाखाली राहिली होती. त्या क्रमांकाला माझे पॅन जोडलेच गेले नव्हते. त्यामुळे माझ्या प्रमाणपत्रात या ठेवीचे व्याज कधी आलेच नाही. वर्षाचे व्याज ज्येष्ठ नागरिकांच्या पन्नास हजारांच्या मर्यादेत बसत असल्याने टीडीएसही कापला गेला नाही. पुनर्गुंतवणूक ठेवीत व्याज खात्यात येत नाही, ते मुद्दलात मिसळत जाते. त्यामुळे खातेपुस्तकावरही त्याची खूण नव्हती. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक करदात्याचे जे वार्षिक माहिती विवरण दिसते, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, त्यातही या व्याजाचा एक रुपया नव्हता. आई गेल्यानंतरचे व्याज कायद्याने माझे उत्पन्न होते. आणि माझ्या दोन विवरणपत्रांत ते नव्हते.

शाखेतील अधिकारी सौजन्याने वागले. त्यांनी वर्षवार व्याजाचा तक्ता काढून दिला. २०२१-२२ या आर्थिक वर्षाचे सुमारे ३१,२०० रुपये आणि २०२२-२३ चे सुमारे ३३,५०० रुपये. तक्ता हातात देताना ते म्हणाले, "सर, हे तुमच्या पॅनवर दिसतच नाही. तुम्हाला काही करायची गरज नाही."

या वाक्याचा अर्थ समजायला वेळ लागत नाही. पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एक करून टाकलेल्या आहेत. दिसत नाही, हे खरे होते. गरज नाही, हे मात्र त्यातून निघत नव्हते.

कायद्याची बाजू आधी सांगतो, कारण आपल्या माजी विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेल. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात भरलेले विवरणपत्र दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला कलम १३९(५) चा, म्हणजे सुधारित विवरणपत्राचा. २०२३ मध्ये करनिर्धारण वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत, त्याआधी करनिर्धारण पूर्ण झालेले नसेल तर, राहिलेली गोष्ट घालून विवरणपत्र पुन्हा भरता येत असे. दंड नाही. राहिलेला कर आणि लागू असल्यास व्याज, एवढेच. २०२२-२३ च्या विवरणपत्रासाठी हा मार्ग ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत उघडा होता.

२०२१-२२ च्या विवरणपत्रासाठी ती मुदत वर्षभरापूर्वीच संपली होती. त्यासाठी दुसरा मार्ग, कलम १३९(८अ) चा. हे कलम २०२२ च्या वित्त अधिनियमाने आले. याला अद्ययावत विवरणपत्र म्हणतात. सुधारित विवरणपत्राची वेळ निघून गेल्यावरही करदात्याला आपण होऊन राहिलेले उत्पन्न दाखवता यावे, हा त्यामागचा हेतू. मात्र त्यासाठी कर आणि व्याज यांच्या बेरजेवर अतिरिक्त कर भरावा लागतो. पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के, पुढच्या बारा महिन्यांत ५० टक्के. २०२५ च्या वित्त अधिनियमाने ही मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली आणि तिसऱ्या वर्षासाठी ६० व चौथ्या वर्षासाठी ७० टक्के असा दर ठरवला. या मार्गाने कर कमी करून घेता येत नाही, परतावाही वाढवून मागता येत नाही. तो केवळ देण्यासाठी आहे.

माझे उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात येते. ४ टक्के उपकर धरून एका वर्षाचा राहिलेला कर साडेसहा हजारांच्या आसपास, दुसऱ्या वर्षाचा सात हजारांच्या आसपास आणि पहिल्या वर्षावर अतिरिक्त कर सोळाशेच्या वर. सगळे मिळून पंधरा हजार. शिक्षकाच्या घरात ही रक्कम बुडवणारी नसते, पण हलकीही नसते. शिवाय त्या ठेवीच्या पैशांचे आम्ही काहीतरी ठरवले होते. आईच्या नावे आपल्या शाळेच्या मुलींच्या वाचनालयाला देणगी द्यायची होती.

विचारायला गेलो, तर सल्ले मिळाले आणि प्रत्येक सल्ल्यात काही तथ्य होते.

तालुक्याचे करसल्लागार अनुभवी गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "सर, चालू वर्षाचे सुधारित भरून टाका, त्यात काही जात नाही. मागच्या वर्षाचे कशाला उकरता? नोटीस यायची शक्यता नाही. आणि बँकेच्या चुकीसाठी तुम्ही पंचवीस टक्के जादा का भरायचे?" हा शेवटचा प्रश्न मलाही बोचत होता. अर्ज मी वेळेवर दिला होता, शिक्का माझ्याकडे होता. तरीही कायद्याच्या दृष्टीने विवरणपत्र माझे होते आणि अतिरिक्त कर बँकेच्या नव्हे, माझ्या खिशातून जाणार होता.

पत्नीचा आक्षेप वेगळा होता. ती म्हणाली, "अहो, आईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची घाण उपसली. त्यांच्या पैशाला दंड लागावा, हे मला पटत नाही. कर भरा, त्याला ना नाही. पण तो जादाचा आकडा बघून जीव तुटतो."

सर्वांत कठीण सल्ला माझ्या एका सहकारी शिक्षकाचा होता, कारण तो आपल्या चळवळीच्या भाषेत होता. ते म्हणाले, "सर, मोठमोठी कर्जे बँका निर्लेखित करतात. शेकडो एकरांच्या बागायतदाराच्या शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. आपल्या पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. आणि तुम्ही पंधरा हजार सरकारात नेऊन भरणार? तेच पंधरा हजार वाचनालयात घाला. आईचेही नाव होईल, मुलींच्या हातात पुस्तके येतील. सरकार त्याचे काय करील, ते तुम्हाला ठाऊक आहे."

हा युक्तिवाद मी अनेक दिवस मनात घोळवला. स्वार्थाचा सल्ला ओळखता येतो आणि बाजूला ठेवता येतो. समाजाच्या हिताचे रूप घेऊन आलेला सल्ला बाजूला ठेवणे अवघड असते. पैसे माझ्या घरात राहणार नव्हते, शाळेतच जाणार होते. मग हरकत काय?

उत्तरासाठी मी आपल्याच इतिहासाकडे वळलो. कराविषयीची आपली तक्रार जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल प्रामुख्याने रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावरून त्यांनी रयतेच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितले. तो पैसा रयतेचा आहे, म्हणून रयतेच्या मुलांचा त्यावर हक्क आहे, असे त्यांच्या मागणीचे स्वरूप होते.

भारतात प्राप्तिकर आला तो १८६० साली. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. परक्या सत्तेचा कर म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले, यात नवल नाही. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. सार्वजनिक वित्त हा त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय होता. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन हे करशास्त्राचे नामवंत अभ्यासक होते आणि ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. मुंबई विधिमंडळात प्रवेश केल्यावर फेब्रुवारी १९२७ मध्ये अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसारा आणि प्राप्तिकर यांची तुलना केली. शेतसारा प्रत्येक जमीनधारकावर पडतो. तो जहागीरदार आहे की एका एकराचा धनी, पीक आले की बुडाले, हे पाहिले जात नाही. प्राप्तिकर मात्र ज्याला उत्पन्न झाले त्यालाच आणि त्याच्या कुवतीप्रमाणे द्यावा लागतो. शेतसाऱ्यालाही हेच तत्त्व लागू करावे, असा त्यांचा आग्रह होता.

हे वाचताना माझ्या लक्षात आले की माझ्या सहकाऱ्याची तक्रार आणि बाबासाहेबांची मांडणी यांचा आधार एकच आहे. बड्या बागायतदाराला सूट का, असे आपण विचारतो तेव्हा कुवतीप्रमाणे प्रत्येकाने द्यावे, हे तत्त्व आपण गृहीत धरलेले असते. त्या तत्त्वाने माझ्याकडून मागितलेले साडेसहा हजार मी मात्र ठेवून घेतले, तर माझ्या तक्रारीखालची जमीन मीच काढून घेतो. दुसऱ्याने बुडवले, हे माझ्या बुडवण्याचे कारण होऊ शकते. समर्थन होऊ शकत नाही.

तरीही वाचनालयाचा प्रश्न उरत होताच. तो सुटला माझ्या आईच्या आयुष्याकडे पाहिल्यावर.

१९७२ च्या दुष्काळात मी तीन वर्षांचा होतो. तेव्हाचे मला आठवत नाही, आई सांगत असे. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावाच्या दुष्काळी कामांवर ती जाई. तेथे मिळणारी सुकडी पदराला बांधून आणी. घरात मिलोची भाकरी असे. त्यानंतरच्या वर्षांत ती रोजगार हमीच्या कामांवर गेली आणि ते मात्र मला चांगले आठवते. त्याआधीच्या दुष्काळांच्या गोष्टी माझी आजी सांगे. तेव्हा पाटलाच्या वाड्यावर जाऊन उभे राहायचे. त्याच्या मनात आले तर पायलीभर धान्य मिळे, नाही आले तर नाही. मिळाले तर त्याची आठवण पुढे वर्षभर ठेवावी लागे आणि बोलावणे आले की राबायला जावे लागे. तेही एका अर्थाने दानच होते.

रोजगार हमीने हे बदलले. महाराष्ट्राने त्यासाठी १९७७ साली कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढाला काम मिळण्याचा हक्क त्यात होता. हा हक्क कागदावर राहू नये, म्हणून पैशांची तजवीज आधीच झाली होती. १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. त्याचे उत्पन्न रोजगार हमीकडे जावे आणि तितकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी ती योजना होती. आज आपल्या बहुतेक नोकरदार वाचकांच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये ज्या नावाने कापले जातात, तोच हा व्यवसाय कर. शहरातील कारकुनाच्या, प्राध्यापकाच्या, वकिलाच्या मिळकतीतून कापलेला पैसा बीड जिल्ह्यातील माळरानावर माझ्या आईच्या मजुरीत येत होता. ती त्या कारकुनाला ओळखत नव्हती, तोही तिला ओळखत नव्हता. तिला कुणाच्या वाड्यावर उभे राहावे लागले नाही. कुणाचे उपकार मानावे लागले नाहीत. माझ्या मते त्या योजनेतील सर्वांत मोठी गोष्ट हीच होती.

देणगीचे मोल मी कमी करत नाही. आपली शाळा कित्येक वर्षे देणग्यांवर तरली, हे या अंकाचे सगळे वाचक जाणतात. परंतु देणगी देणारा ठरवतो की कुणाला द्यायचे, कधी द्यायचे, किती द्यायचे. वाचनालयाला पंधरा हजार देऊन मी माझ्या आवडीच्या मुलींना पुस्तके दिली असती, माझ्या आईचे नाव भिंतीवर लावले असते आणि टाळ्या घेतल्या असत्या. ज्या अनोळखी बाईला उद्या कुठल्याशा तालुक्यात काम मागायचे आहे, ज्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मंजुरीच्या रांगेत आहे, त्यांच्या वाट्याचे पैसे काढून मी हे दान केले असते. कर देताना माझी आवड विचारली जात नाही. म्हणूनच त्यातून दुसऱ्याचा हक्क उभा राहू शकतो. मला मिळालेली शिष्यवृत्ती कुणाची मेहेरबानी नव्हती, असे मी विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगत आलो. ती मेहेरबानी नव्हती, कारण कुणीतरी, कुठेतरी, आपली आवड बाजूला ठेवून ते पैसे भरले होते.

दान करण्याआधी देणे फेडावे लागते. आपल्याकडे रोज सकाळी मुले पंचशील म्हणतात. त्यातील दुसरे शील न दिलेले न घेण्याविषयी आहे. मी कुणाचे काही घेतले नव्हते, ते माझ्याकडे येऊन पडले होते, असा बचाव मला सुचला होता. पण ऑक्टोबरमध्ये तक्ता हातात आल्यानंतर तो बचाव संपला. न कळता राहिलेली गोष्ट आणि कळल्यावर राहू दिलेली गोष्ट या दोन वेगळ्या असतात.

अखेर उरला अतिरिक्त कराचा प्रश्न, म्हणजे मागच्या वर्षाचे उकरायचे की नाही हा. येथे मला आईचा एक प्रसंग आठवला. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. रोजगार हमीच्या एका कामावर आठवड्याचे वाटप चालू होते. आईला अक्षर येत नव्हते. ती घराच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढी. मस्टरवर तिचे पाच दिवस निघाले, भिंतीवर सहा रेघा होत्या. कारकून म्हणाला, एका दिवसाने काय होते, पुढच्या आठवड्यात बघू. आई तेथेच बसून राहिली. "केलेला दिस कागदावर आला पायजे, साहेब. पैसे उद्या द्या, पर दिस लिव्हा," एवढेच ती म्हणत राहिली. संध्याकाळी मुकादमाने साक्ष दिली तेव्हा तिची हजेरी लागली.

इतिहास शिकताना आणि शिकवताना हे वाक्य माझ्या कामी आले आहे. आपल्या पूर्वजांचे श्रम दप्तरांत सापडत नाहीत. वाड्यांचे, गढ्यांचे, देवळांचे बांधकाम कुणी केले, त्यांची नावे नाहीत. सातबाऱ्यावर नाव नाही, शाळेच्या पटावर नाव नाही, मस्टरवर एक दिवस कमी. नोंद खरी असावी, हा आपला जुना आग्रह आहे आणि तो आपल्या फायद्याच्या वेळी आपण ठामपणे धरतो. मग आईच्याच पैशांची नोंद माझ्या कागदावर अपुरी ठेवायची, आणि तीही आता ती कुणाला दिसणार नाही एवढ्याच आधारावर, हे मला जमेना. सुधारित विवरणपत्रात एक वर्ष भरून दुसरे सोडणे म्हणजे सहा रेघांपैकी पाच लिहिण्यासारखे झाले असते.

पत्नीला मी हा प्रसंग सांगितला. तिला तो माहीत होता, माझ्यापेक्षा अधिक तपशिलाने. सुनांना सासवा जे सांगतात, ते मुलांना सांगत नाहीत. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग दोन्ही भरा. पण बँकेला सोडू नका."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही विवरणपत्रे भरली. २०२२-२३ चे सुधारित, २०२१-२२ चे अद्ययावत. आधी चलान भरून पैसे जमा केले, मग विवरणपत्र दाखल केले आणि आधारशी जोडलेल्या क्रमांकावर आलेल्या ओटीपीने पडताळणी केली. ही पडताळणी तीस दिवसांत झाली नाही तर दाखल केलेले विवरणपत्र वेळेवरचे धरले जात नाही, हेही आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे. एप्रिल ते ऑक्टोबर २०२३ या काळातील व्याज पुढच्या जुलैत नियमित विवरणपत्रात दाखवले. बँकेला शिक्क्याची प्रत जोडून लेखी तक्रार केली, आपल्या नोंदी दुरुस्त कराव्यात आणि मृत खातेदारांच्या इतर ठेवी तपासाव्यात, अशी मागणी केली. नोंद दुरुस्त झाल्याचे पत्र आले. अतिरिक्त कराची भरपाई मिळाली नाही. त्याची खंत अजूनही आहे, ती मी लपवत नाही. सोळाशे रुपये माझे नव्हेत, दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचे होते आणि ते मी भरले. मोठे समाधान लाभले, असेही काही झाले नाही. संगणकाच्या पडद्यावर पोचपावती आली, ती छापून आईच्या कागदांच्या पिशवीत ठेवली. वाचनालयाला देणगी पंधरा हजारांनी कमी गेली.

माझ्या सहकाऱ्याला अजूनही माझे पटलेले नाही. आम्ही त्यावर अधूनमधून वाद घालतो. त्यांच्या म्हणण्यातील एक भाग मी स्वीकारला आहे. कर भरला की नागरिकाचे काम संपले, असे मानणे धोक्याचे आहे. भारतीय संविधानाने कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवण्यास बंदी घातली आणि जमा झालेला पैसा कसा खर्च होतो हे तपासण्यासाठी महालेखापरीक्षकाचे स्वतंत्र पद निर्माण केले. त्या पदाचे महत्त्व बाबासाहेबांनी संविधान सभेत किती आग्रहाने सांगितले होते, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. देण्याचे आणि विचारण्याचे असे दोन्ही दरवाजे त्यांनी आपल्यासाठी ठेवले. म्हणून आता आम्ही दोघे मिळून दर सत्रात माहिती अधिकारात एक अर्ज करतो. आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, पैसे केव्हा जमा झाले. अर्ज ते लिहितात, पाठपुरावा मी करतो.

माजी विद्यार्थ्यांनो, या जुलैतही तुमचे दूरध्वनी येतील, ते जरूर यावेत. तोपर्यंत एवढे करा. फॉर्म १६ वर थांबू नका, प्रत्येक बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र ठेवीनिहाय मागा, नुसत्या एकूण आकड्यावर समाधान मानू नका. घरातील कुणी गेले असेल, तर त्यांच्या ठेवी कोणत्या क्रमांकाखाली आहेत, त्यांना तुमचे पॅन जोडले गेले आहे का, हे लेखी विचारा. एआयएस तपासा, पण त्यात नाही म्हणजे उत्पन्नच नाही, असे धरू नका. काही राहिले असेल, तर ३१ डिसेंबरच्या आत सुधारून घ्या, उशीर जितका अधिक तितका आकडा वाढतो. आणि वाचनालयात अजून दोन कपाटे रिकामी आहेत. देणे फेडून जे उरेल, त्यातून त्यांचा विचार अवश्य करा.